उणे बावीस

बाहेर मे महिना. ट्रकच्या पत्र्यावर हात ठेववत नाही.
आत, तुर्भ्याच्या त्या जाड दरवाज्यापलीकडे, उणे बावीस.
दार उघडलं की खाडीची दमट हवा आत घुसते,
छतापाशी जाऊन बर्फ होते
आणि कोळंबीच्या खोक्यांवर भुरभुरते.
पहिल्या दिवशी आम्ही सारसोळ्याच्या पोरी
तोंड वर करून उभ्या राहिलो. जिभेवर घेतला.
खारट लागेल वाटलं होतं.

शेलारमामा हसले नाहीत.
वहीत आमची आत गेल्याची वेळ लिहीत म्हणाले,
दिसायला मऊ असतं ते. एवढं ध्यानात ठेवा.

सतरा वर्षं फौजेत, त्यातली दोन हिमनदीवर.
उजव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली.
तिथल्या गोष्टी ते सांगत नाहीत, नियम सांगतात,
आणि एखाद्या नियमातून माणूस डोकावतो:
तंबूत स्टोव्ह पेटवला तर एक फट उघडी ठेवायची,
कितीही वारा येवो.
मग जरा थांबून, तिघं होते. झोपल्यासारखे.

ताज्या बर्फावर काठी टोचल्याशिवाय पाऊल नाही.
दोरीला दोर बांधून चालायचं,
कारण खाली भेग उघडली तर माणूस ओरडत नाही,
नुसता नसतो.
मी म्हटलं, मामा, आमची आयपण
ओहोटीला चिखलात काठी टोचतच चालते.
तेव्हा पहिल्यांदा हसले. म्हणाले, मग तुला अर्धं येतंच.

त्या रात्री निकेश घामेजल्या बनियनवरच जॅकेट चढवून आत गेला.
वहीत त्याच्या नावापुढे ‘बाहेर’ अशी खूण होती.
कुणी केली, अजून निघालेलं नाही.
दोन तासांनी मी खोकी मोजायला गेले
तर हा फळीवर बसलेला,
हातमोजे काढून, चेन उघडत.
गरम होतंय ताई, म्हणाला. जीभ जड.
मला वाटलं, मशीन बिघडलं असेल.
दारात येऊन मामांना हसत सांगितलं.

त्यांच्या हातातलं पेन पडलं.
आठ बोटांनी माणूस इतका पळू शकतो
हे मला माहीत नव्हतं.

बाहेर आणल्यावर मी त्याचे हात चोळायला घेतले.
माझ्या मनगटावर फटका बसला:
चोळू नको, आत काचा झाल्यात.
कुणी म्हणालं क्वार्टर पाजा, कुणी म्हणालं उभा करून चालवा.
नको. नको.
ओले कपडे काढा. आडवा ठेवा. आधी छाती, मग हातपाय.
रिक्षा नको, अॅम्ब्युलन्सच बोलवा.
माझी ओढणी, ड्रायव्हरची चादर, गोणपाट.
नाव सांग रे. गाव सांग. बस कितवी पकडतोस, सांग.

बऱ्याच वेळानं निकेश कापायला लागला.
दात इतके वाजले की आम्ही घाबरलो,
आणि मामा मटकन खाली बसले.
कापतोय, म्हणाले. आता जगेल.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर, चहा गार होईपर्यंत काही बोलले नाहीत.
मग कपालाच सांगितल्यासारखं:
सुर्वेपण असंच म्हणाला होता, गरम होतंय.
मी त्याला म्हटलं होतं, नशीबवान आहेस लेका.

दुसऱ्या दिवशी दरवाज्यावर खडूनं लिहिलेलं होतं:
आत गरम वाटलं तर ताबडतोब बाहेर या.
नवे हमाल ते वाचतात, एकमेकांना ढोसतात.
दमट हवेनं अक्षरं दर दोन दिवसांनी ओघळतात.
मी पुन्हा गिरवते.