पाणी उतरत नाही

धुणं झालं, पाणी उतरलं नाही.
गोल काचेआड अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी,
त्यात ह्यांचा निळा शर्ट
काचेला बाही टेकवून उभा.
वर दोन अक्षरं लुकलुकत होती, मला न समजणारी.

कट्ट्याचा आंतोन फोनवर म्हणाला,
गुरुवारशिवाय जमत नाही, कुडाळात तीन फ्रीज पडलेत.
पण भिऊ नका वयनी, सांगतो तसं करा.
आधी पिन काढा. दार उघडू नका,
नाहीतर सर्जेकोटचं बंदर तुमच्या मोरीत येईल.

पिन काढली.
मागची नळी पाहिली, कुठे दुमडलेली नव्हती.
तोंड माडाच्या अळ्यात, पण चिखलात रुतलेलं नाही.
सोडवून फुंकली. वारा आरपार.
मग उजव्या कोपऱ्यात खाली, तळहाताएवढं झाकण.
आठ वर्षं मशीन पुसते मी,
हे दार कधी दिसलंच नव्हतं.

परात लावली, पाटावर बसले.
उलटं फिरवा, म्हणाला, पण सबुरीनं,
एकदम काढलंत तर आवरणार नाही.
पाव फेरा. परात भरली, ओतली.
पाव फेरा. परात भरली, ओतली.
अकरा पराती.
साबणाच्या वासात मध्येच माशाचा वास आला,
म्हटलं, शेजारी कोणी भाजत असेल.

फिल्टर हातात आला.
वाळू. एक टिकली. रुपया.
खवले चार-पाच, पेडव्याचे असावेत.
आणि जाळ्याचं शिसं, चिंचोक्याएवढं.

आत बोट घाला, आंतोन सांगत होता, पंखा फिरतो का?
फिरत नव्हता.
पात्यांना तंगुसाचा दोरा गुंडाळलेला,
वीतभर, नवा, अजून चकाकणारा.

बांबोळीच्या डॉक्टरांनी आषाढात बजावलं होतं,
होडी बंद, ओढणं बंद.
ह्यांनी तिथेच, खाटेवरून, माझ्या डोक्यावर हात ठेवला:
"जाळ्याक हात लावचंय नाय गो."
होडी विकली. पहाटे चालायला जातात,
कोळंबच्या पुलापर्यंत,
आणि आल्यावर आपले कपडे आपणच मशीनला लावतात.

हे मी सगळ्यांना सांगितलं.
खोबरेकरांच्या सुलभाला, पोस्टातल्या बाईंना,
लेकीला सांगलीला फोन करून.
दुखण्यानं माणूस किती बदलतो बघ, म्हटलं,
हातरुमालसुद्धा स्वतः टाकतात.

नखकातरीनं दोरा कापला. पंखा फिरला.
झाकण आवळलं, पिन लावली.
मशीननं घसा खाकरला
आणि अळ्यात पाणी भळाभळा गेलं.
काय होतं, वयनी?
वाळू, म्हटलं.

रात्री ह्यांनीही तेच विचारलं.
रेंव, म्हटलं.
"ह्या मशिनीक रेंव सोसणा नाय," म्हणाले
आणि सोलकढीच्या वाटीत बघत राहिले,
तळाशी काही पडल्यासारखे.

निजण्याआधी त्यांच्या गोळ्यांची डबी भरली, सात खणांची.
बुधवार सकाळ: एक पांढरी, एक गुलाबी,
एक शिशाची.

पहाटे झाकण वाजलं.
मग बराच वेळ
घड्याळाखेरीज काही वाजेना.
मग मागच्या दाराची कडी.

उजाडल्यावर खण पाहिला.
तिन्ही घेतलेल्या.

नऊच्या सुमारास मशीन सुरू झाली, मी न लावता.
काचेआड ह्यांची खाकी हाफ पँट गिरक्या घेत होती,
दोन्ही खिसे उलटे काढलेले,
डॉक्टरला दाखवलेल्या जिभांसारखे.