चौदा मिलिमीटर

दापोडीला एकतीस वर्षं एसटीच्या बॉड्या जोडल्या.
काम एकच: फट ठेवायची नाही.
खिडकीशी, छताशी, दाराच्या रबराखाली
पाणी कुठून शिरेल ते मला आधी कळायचं,
पाण्याला नंतर.

रिटायर झालो, तर ढमढेऱ्यांची शर्वरी
भोसरीच्या शेडमध्ये घेऊन गेली.
घोडीवर एक पंख, अर्धवट.
म्हणाली, काका, याच्या कपाळावर ही पट्टी बसवायची,
पण टेकवून नाही.
मध्ये चौदा मिलिमीटर फट.

मी म्हटलं, म्हणजे मजुरी
फट ठेवायची देणार?

हसली नाही. मापाच्या वेळी ती हसत नाही.
म्हणाली, मैदान तोकडं असलं
की विमानाला हळू यावं लागतं, नाक वर करून.
तेव्हा पंखावरची हवा दमते,
पाठीवरून चालता चालता मध्येच अंग काढून घेते.
मग विमान म्हणजे नुसता पत्रा.
या फटीतून खालची हवा वर येते, ताज्या दमाची,
आणि दमलेलीला रेटून पुढं नेते.

कळलं. पटलं नाही.

पहाटे चारला दिघीचा रस्ता रिकामा.
टेम्पोच्या हौद्यात पंख तिरका बांधलेला,
त्याच्या पाठीवर ओळीनं चिकटवलेले
हिच्या उसवलेल्या स्वेटरचे बोटबोट धागे.
अन्वर, साठच्या वर नको.

आधी पट्टीशिवाय.
बॅटरीच्या उजेडात धागे उठले, उलटे फिरले,
जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखे
इकडं तिकडं बघायला लागले.

मग पट्टी लावून. तोच कोन, तेच साठ.
धागे सगळे आडवे,
तेल लावून विंचरल्यासारखे.

शर्वरी मोबाइलवर ते टिपत होती.
मी खाली ऐकत होतो.
मागच्या पाट्यांची कुरकुर बंद झाली होती.
एकतीस वर्षं पाट्यांचं बोलणं ऐकलंय,
ओझं उतरलं की ते असे गप्प होतात.
हौद्यात आम्ही दोघं होतो तसेच होतो.
कुणीतरी टेम्पो वरून धरला होता.

आता मागच्या झडपेचं काम चाललंय.
तिला दोन फटी.
विमान कधी उडेल ते शर्वरीलाही माहीत नाही,
इंजिनाचे पैसे अजून जमायचेत.

मापाला मी दापोडीचं जुनं रबर कापलंय,
दाराचं, बरोबर चौदाचं.
फटीत सारतो, टोकापर्यंत नेतो,
आणि काढून घेतो.

काढून घ्यायची
हाताला अजून आठवण करावी लागते.