सूत

दुपारभर मी कांद्याचा भाव मोठा करत असते.
रुवीच्या छापखान्यात, मागच्या खोलीत,
लाल चांदणीत पिवळे आकडे:
एकशे नव्वद बैसा, फक्त शनिवारपर्यंत.
मालक म्हणतो, अजून मोठा.
मी मोठा करते.
एकेकाळी अक्षराच्या पोटातली पोकळी
तासन्‌तास निरखत बसायचे,
हे आता कुणाला सांगितलं तर
माझंच मला खोटं वाटेल.

हमरियात लाँड्रीमागची भिंत
एसीच्या ओघळांनी आधीच रंगलेली.
तिच्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद:
गुरुवारी संध्याकाळी या. ब्रश आपापला.
माझ्याकडे ब्रश नव्हता. गेले.

इस्माईल सारखोत, श्रीवर्धनचे.
या गावातल्या निम्म्या न्हाव्यांच्या पाट्या
एके काळी त्यांच्या हातच्या.
"तुमच्या फ्लेक्सनं आमचं पोट मारलं, बाय,"
असं हसत म्हणाले
आणि सुताचं एक टोक माझ्या हाती दिलं.
दुसरं दुर्राकडे, नववीतली बलुची पोर.
नीळ लाँड्रीवाल्याची.
मधोमध चिमटीत धरून त्यांनी सूत सोडलं, टण्‌कन,
आणि भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत
एक निळी रेघ उमटली.

"नावं नकोत. नावं पाट्यांवर असतात.
जिच्यावाचून घर अडतं, ती वस्तू लिहा."

दुर्रा उजवीकडून निघाली.
तिची अक्षरं रेघेवर बसत गेली,
पंगतीला बसावं तशी, एकमेकांना खेटून.
मी डावीकडून. विळी.
वळणं झाली, हात सवयीनं वर गेला
शिरोरेषा ओढायला,
आणि तिथेच थांबला.
रेघ होतीच.

चहावाला शशिधरन माझ्या ळ वर बोट ठेवून म्हणाला,
हे आमच्याकडे पण आहे. आणि लिहिलं: पुळी.
मी म्हटलं, आमच्यात पुळी नाकावर येते.
त्याच्या घरी ती सांबारात पडते, आंबट, चिंचेची.
त्याची गोल गोल अक्षरं
ना रेघेवर बसली, ना रेघेला लोंबली.
सारखोत म्हणाले, असू दे, पाहुणी आहेत.

दुर्राच्या शेवटच्या अक्षराचे दोन ठिपके
रेघेखाली उतरले, सरळ माझ्या हद्दीत,
वेलांटीच्या अगदी शेजारी.
काय लिहिलंस? मी विचारलं.
"माय," ती म्हणाली,
आणि कोपऱ्यातल्या नळाकडे बोट केलं.
मी थोडा वेळ काही बोलले नाही.
ठिपके ओले होते. त्यांना जागा देत
माझी वेलांटी जरा आखडती घेतली.

अंधार पडल्यावर सारखोतांनी
सूत बोटांवर गुंडाळून खिशात टाकलं.
खिसा निळा झाला.

रविवारी मालक म्हणाला, अजून मोठा.
मी आकड्याला हात लावला नाही.
भोवतीच्या चांदण्या काढल्या, टोमॅटो काढले,
"धमाका" काढला.
नखांत अजून नीळ होती.
लांबून, डोळे बारीक करून, तो म्हणाला,
हां. आता दिसतो.