पंच

भोपू हे नाव मी ठेवलेलं नाही.
बिल्डिंगने ठेवलं, पहिल्याच आठवड्यात.
कळव्याला, खारीगावात, चौथा मजला,
लिफ्टचं दार सरकलं की हा सुरू.
गॅसवाला, कुरियरवाला, समोरची गद्र्यांची सून.
कुणाची पोटरी, कुणाच्या सलवारीचं टोक.
रक्त नाही. पण दात लागले ते लागलेच.

मी ओरडायचे. मग तोही आणखी जोरात.
त्याला वाटत असणार,
आम्ही दोघं मिळून दार राखतोय.

मेहजबीन आली. तेविशीची पोर, कमरेला खाऊची पिशवी.
म्हणाली, मावशी, भुंकणं राहू द्या बाजूला.
तो थांबतो कधी, ते बघा.
श्वास घ्यायला थांबला तरी चालेल.
तिथेच एक आवाज करा, लगेच खाऊ द्या.
आवाज मात्र दर वेळी तोच हवा.

मी कपाट उघडलं.
एकवीस वर्षं परिवहनात काढली, तिकिटं फाडत.
एकदा पंच हरवला, पगारातून पैसे कापले,
आणि वर्षभराने सापडला पर्सच्या अस्तरात.
परत कशाला करू? भरलेत की पैसे.

टक.

जवळा तव्यावर कोरडा भाजून डबीत भरलेला.
पहिल्या दिवशी हात उशिरा चालला,
भुंकण्यालाच तिकीट दिलं गेलं.
मेहजबीन हसून लोळायची बाकी.
मग गद्र्यांची सून जिन्यात उभी राहिली, सहा पायऱ्या खाली.
भोपूने तिच्याकडे बघितलं.
मग माझ्याकडे.
टक. चिमूटभर जवळा.
दुसऱ्या दिवशी पाच पायऱ्या.
दात लावला की मी पाठ फिरवायची, बोलायचं नाही.
हे सगळ्यात अवघड गेलं.
मला.

माझ्या नावावर तीन मेमो आहेत.
दोन उशिराचे, एक
गर्दीचा फायदा घेणाऱ्याच्या कानाखाली वाजवल्याचा.
पण बाळकुमच्या फेरीत
पायावर पाय, सुट्ट्यावरून आईबहीण,
आणि तरी मी तोंड मिटून दोरी ओढली,
असे दिवस किती गेले,
ते कुठल्याच रजिस्टरात नाहीत.

आज चौदावी पायरी संपली, म्हणजे दार आलं.
सून दारात, हातात वाटी.
भोपूच्या घशात गुरगुर आली, तिथेच राहिली.
टक.
संध्याकाळी त्याने पेपरवाल्याची चप्पल पळवली.
चालायचंच.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन.
या वयात कुत्रं कशाला, उद्या कुणी तक्रार केली तर,
तुला कुणाचं ऐकायचंच नसतं,
एका दमात सगळं.
मग तो श्वास घ्यायला थांबला.

टक.

आई, कसला आवाज?
काही नाही रे. बोल.