सागरमाळ

सागरमाळावर सागर नाही.
प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत
तेवीस खेकडे, आचऱ्याच्या खाडीतले,
फोंडा घाट चढून आलेले
रंगाच्या रिकाम्या बादलीत.

खिडकीला काळा कागद. दिवा एकच,
मंद, रात्रंदिवस.
पाणी हलत नाही. मीठही मीच मोजून घातलेलं.
तरी काल पहाटे सव्वातीनला
एकेक जण मोठी नांगी उचलत बिळाबाहेर आला,
आज चार वाजून पाच मिनिटांनी.
तिकडे तेव्हा सुकती लागते.

वहीत मी फक्त वेळ लिहिते.

रात्रपाळीचे कुबलमामा डोकावतात.
एकतीस वर्षं कोल्हापुरात,
तांबडा रस्सा ओरपतात, नाद खुळा म्हणतात.
"पडले का भायेर?" विचारतात
घड्याळाकडे न बघता.

चौथ्या आठवड्यात खेकडे पांगले.
कुणी तासभर आधी, कुणी केव्हाही,
सात नंबरचा तर बाहेरच येईना.
आलेख विस्कटला. सर म्हणाले, अपेक्षितच होतं.

मामांना सांगितलं.
बराच वेळ ते टाकीवर वाकून उभे.
मग चपला काढल्या,
बोट पाण्यात बुडवून
जिभेला लावलं.

"मीठ कमी आसा," म्हणाले.