सतराव्या पानावरची रेघ

बावीस वर्षं मी लायब्ररीची गाडी चालवतो
या बेटावर, जिथे आमच्या बाजूला
एखादं झाड असलंच तर लोक ते पाहुण्यांना दाखवतात.
मंगळवारी पश्चिम किनारा, गुरुवारी उत्तरेचं टोक.
वारा सुटला की गाडी डोलते
आणि वरच्या फळीवरचे थोर पुरुष
एकेक करून खाली उतरतात.

स्टॉर्नोवेहून पत्र आलं :
तीन वर्षांत ज्यांना हात लागला नाही ती काढून टाका.
खुरपणी म्हणतात याला.
सोबत एकशे चौदा नावं.
दुसरं पत्र : प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत अशी चाळीस.
कुणाच्या मते, ते तळाशी, मुंगीच्या अक्षरात.
तिसरं एका प्रकाशकाचं :
जुनी बालकथा नव्याने धुऊन, वाळवून, घडी घालून;
आधीची प्रत ठेवावी की नाही
याबद्दल मतभेद आहेत.

बैठकीला मीही होतो.
फिनले मॅकऑले म्हणाले, लोकांना हवं ते द्या.
मिस गॅलब्रेथ म्हणाल्या, हवं काय ते लोकांना कुठे ठाऊक असतं?
मागून कुणी म्हणालं, आता यंत्रंच लिहितात,
आठवड्याला एक खून, निम्म्या किमतीत.
चहा निवला. बिस्किटं मी संपवली.
मला कुणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगणार होतो,
शोनाकबद्दल?

शोनाक मॅकइव्हर, वय अठ्ठ्याऐंशी.
मोठ्या अक्षरांच्या खूनकथा, एका खेपेला सहा.
वाचलेलं पुन्हा घरी येऊ नये म्हणून
सतराव्या पानाच्या आकड्याखाली
पेन्सिलची बारीक रेघ.
नियमाने हा गुन्हा.
त्यासाठी मला खोडरबर दिलंय. त्याचे चारही कोपरे शाबूत आहेत.
एक रेघ म्हणजे वाचलं.
दोन म्हणजे झोप गेली.
नागमोडी म्हणजे खुनी चौथ्या प्रकरणातच कळला.
(बंदरावरचा कॅलम बाविसाव्या पानावर मासा काढतो.
पाद्र्यांची बायको कोपरा दुमडते
आणि विचारलं तर आकाशाकडे बघते.)

फेब्रुवारीत शोनाक गेली.
तिची सहा पुस्तकं मी खिडकीतून उचलून आणली.
पाचांत रेघ.
सहाव्यात, दोनशे अकराव्या पानाशी,
कानाच्या यंत्राच्या बॅटरीचं रिकामं पाकीट.

मेमध्ये त्या घरात रासा आली राहायला,
लिथुआनियाची, सॅमनच्या जाळ्यांवर कामाला.
मोठी अक्षरं बरी, म्हणाली, शब्द पळून जात नाहीत.
चार खेपा गप्प होती.
पाचव्या खेपेला विचारते,
"दोन रेघांची अजून आहेत का?"
मी काही बोललो नव्हतो. शपथेवर सांगतो.

त्या रात्री गाडीतच बसून
एकशे चौदा पुस्तकं सतराव्या पानावर उघडली.
एकसष्टांत रेघ.
तीन वर्षांत त्यांना हात लागला नव्हता, खरं आहे.
ज्या हाताने ती वाचली
त्यानेच तर स्वतःला बजावलं होतं, परत नेऊ नकोस म्हणून.

माझ्या कार्डावर एका वेळी बारा मिळतात.
मी बारा नेतो, बारा आणतो, पुन्हा बारा.
आकडे हलतात. स्टॉर्नोवे खूश आहे :
उत्तरेला वाचन वाढतंय म्हणे.
चाळीसांपैकी दोन गेली,
एक कॅलमकडे. त्यावर अजून मासा नाही.

काल रासाने एक परत दिलं.
सवयीने सतरावं पान पाहिलं.
शोनाकची नागमोडी,
आणि तिच्याखाली, निळ्या शाईत, शाळकरी इंग्रजीत :
मला शेवटपर्यंत कळला नाही.

शाईचा गुन्हा मोठा.
खोडरबराने ती जातही नाही.