वयाचा रकाना

सातपूरला, बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत
दर शनिवारी रात्री, अकरा वर्षं, आम्ही खेळतोय.
खाली अ‍ॅसिडचा वास. वर डोंगर, दलदली, ड्रॅगन,
आणि वर्तमानपत्रावर ओतलेला चिवडा.

माझा धनुर्धारी एल्फ सहाशे बारा वर्षांचा होता.
नियमपुस्तकात त्याच्या जातीपुढे म्हातारपणाचं कोष्टकच नाही,
नुसती एक आडवी रेघ.
माणसांना आहे:
चाळिशी ओलांडली की ताकद उणे एक, चपळाई उणे एक,
शहाणपण अधिक एक.
मला चाळिशी लागली ती शालिमारच्या चष्मेवाल्याकडे.
फाशावरच्या सहाखालची रेघ दिसेना, म्हणून गेलो होतो.
दोन्ही उणे मिळाले, वेळेवर, न मागता.
अधिक एकची वाट बघतोय.

दिवाळीआधीच्या शनिवारी भूत आलं.
वाफळेसर खेळ चालवतात, दिवसा आयटीआयला फिटिंग शिकवतात.
त्यांनी पुस्तकावर बोट ठेवून वाचलं:
स्पर्श झाल्यास चार पैलूंचा फासा, गुणिले दहा वर्षं.
आधी मला शिवलं. तीन पडले.
सहाशे बारा खोडून सहाशे बेचाळीस लिहिलं
आणि चिवड्यातला शेंगदाणा शोधू लागलो.

मग शरयूच्या रुकाला.
रुका, वय एकतीस, दोन हातांनी तलवार फिरवणारी.
फासा टेबलावरून घरंगळला, पंख्याच्या स्टँडखाली थांबला.
चार.
एका श्वासात एकाहत्तर.
सर वाचत गेले, शरयू खोडत गेली.

माझ्या पोतडीत तारुण्याची एक कुपी होती.
बारीक अक्षरात तिचीही अट:
शंभरातून एकदा उलटते,
आजवर परतवलेली सगळी वर्षं एकदम अंगावर येतात.
"घे," म्हटलं, "नव्व्याण्णव वेळा काही होत नाही."

शरयू नोटप्रेसमध्ये आहे.
दिवसभर करकरीत नोटा मोजते
आणि घरी जाताना भाजीवाल्याकडून
चिकटपट्टी लावलेली दहाची परत घेते.
म्हणाली, "राहू दे. म्हातारीच खेळते.
आपल्या गावात अमृताचा थेंब पडला म्हणतात ना,
तो सांडला. प्यायलं कुणी नाही.
नुसत्या सांडण्यावर बारा वर्षांनी एकदा
पंचवटीभर बॅरिकेड लागतात."

रुका आता दाराशी थांबून आधी कानोसा घेते.
पुलावरच्या राक्षसाशी लढली नाही,
त्याला विचारलं, जेवलास का.
पूल ओलांडला आम्ही.
माझा एल्फ मागे बाण ताणून उभा,
सहाशे वर्षं उभा आहे तसाच.

पाचवी खुर्ची अभिराम घोलपची.
तो कॅनडाला गेला. कॅनडा कॉर्नरला नाही, कॅनडाला.
त्याचा जादूगार फायलीत आहे,
वय सव्वीस, सात मंत्र शिल्लक,
एक पाय जिन्याच्या पायरीवर.
आमच्यात खरा अमर तोच.
त्याला कुणी खेळत नाही.

माझ्या कागदावर जीवनांकाच्या चौकटीत
खोडरबरानं भोक पडलंय.
घाव बसला, खोड. औषध प्यायला, खोड.
अकरा वर्षं त्या बोटभर जागेत
तो मरता मरता राहिला.
वयाचा रकाना मात्र जवळजवळ कोरा,
एकदाच खोडलेला, तेही भुतामुळे.

परवा कॅनडा कॉर्नरला त्या कागदाची झेरॉक्स काढली.
पोरानं घाईत मशीनचं झाकण उघडंच ठेवलं,
भोक काळंकुट्ट उमटलं.
दोन रुपये दिले, घडी न घालता आणली.

काल सरांनी विचारलं, "किती उरलेत तुझ्या एल्फचे?"
चष्मा नाकावर घेतला,
पेन्सिल टेकवून पाहिली, जोर देऊन पाहिली.
काळ्यावर आकडा उमटेना.
शरयूनं फासा माझ्याकडे सरकवला.